बी एक, रोपे दोन

संत्रे खाल्ल्यावर बिया तुम्ही फेकून देता ना? या खेपेस त्या कुंडीत पेरा. पुष्कळदा एकाच बीतून दोन-तीन रोपे डोके वर काढतील.

असे का होते? नरयुग्मक व अंडपेशी यांच्या मीलनातून, म्हणजे फलनातून, भ्रूण तयार होतो, हे तुम्ही शिकला आहात. संत्र्याच्या बीत असा एखादा भ्रूण असतो. पण त्याच्या शेजारी बीजांडातील आईच्याच पेशींपासून आणखी भ्रूण वाढतात. या भ्रूणांना पिता नाही. त्यांची रोपे हुबेहूब आईसारखी होतात. फलनाविना भ्रूण तयार होण्याच्या या रीतीला 'अ‍ॅपोमिक्सिस' म्हणतात. विदर्भातील बागाईतदार तिचा लाभ घेतातच. जंभेरीच्या बियांपासून बहुतेक रोपे एकसारखी निघतात. त्या खुंटांवर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात.

आता ज्वारीकडे वळू. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हा संकरित वाण आला आणि 'हायब्रीड' हा शब्द खेडोपाडी पोहोचला. संकरित पीक जोमदार येते; पण त्याचेच दाणे पुन्हा पेरले, तर फलनात गुणांची फेरजुळणी होऊन पुढचे पीक विषम निघते. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. २००१ च्या कायद्याने त्याला आपल्या पिकाचे बी राखून पेरण्याचा हक्क दिला आहे. पण संकरित वाणाच्या बाबतीत त्या हक्काचा उपयोग काय?

येथेच संत्र्याची युक्ती कामी येईल. जनुकांत बदल करून शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये भाताच्या रोपांकडून फलनाविना बी मिळवले. पुढे संकरित भातातही हे साधले. असे बी शेतात आले, तर घरचे दाणे पेरूनही जोम टिकेल.

कोणी म्हणेल, सगळी शेते एकाच साच्याची झाली तर एखादा रोग सारेच पीक बुडवील. ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे अनेक वाण जोपासणे. संशोधन थांबवणे नव्हे. माझ्या मते हे काम आपल्या कृषी विद्यापीठांनी हाती घ्यावे. केवळ बियाणे विकणाऱ्यांवर ते सोपवले, तर दरवर्षीचे गिऱ्हाईक आपणहून गमावायला कोण तयार होईल?

शिक्षकांनीही हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. बी पेरा, रोपे मोजा आणि मग या प्रश्नावर वाद घाला.