खचलेले काँक्रीट : उचलावे की उखडावे?

काँक्रीटचा रस्ता एकदा झाला की पुढची वीस-तीस वर्षे त्याकडे पाहायला नको, असा मुंबईकरांचा समज आहे. जानेवारी २०२३ मध्ये शहरातील सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे भूमिपूजन झाले, तेव्हा हा समज आणखी दृढ झाला. मात्र काँक्रीट शाबूत असले तरी त्याखालची माती हलू शकते. जलवाहिनीची गळती किंवा नीट न दाबता बुजविलेला चर एवढे कारण पुरते. स्लॅबखाली पोकळी होते, तो खचतो आणि सांध्यावर दुचाकीस्वार आदळतो.

अशा वेळी स्लॅब फोडून नवा ओतणे, हा आपल्याकडचा सरधोपट मार्ग. पण नेहमीच्या काँक्रीटला अपेक्षित ताकद येण्यास २८ दिवस धरले जातात. शिवाय धड असलेले काँक्रीट राडारोड्यात जाते.

अमेरिकेत १९३०च्या दशकापासून स्लॅब जागच्या जागी उचलला जातो. त्याला चार-पाच सेंटिमीटरची छिद्रे पाडून सिमेंट, माती आणि पाण्याचा राबडा दाबाने आत सोडतात. पद्धत स्वस्त आहे. मात्र राबड्याचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते आणि आधीच बसलेल्या जमिनीवर नवा भार पडतो. समुद्रात भराव घालून वाढलेल्या शहरात हा मुद्दा किरकोळ नव्हे.

पॉलियुरेथेन फोमला जेमतेम दीड सेंटिमीटरचे छिद्र पुरते. दोन द्रव एकत्र येताच फुगतात, साधारण पाऊण तासाच्या आत घट्ट होतात आणि वजन तर राबड्याच्या दशांशाहूनही कमी. फोम महाग आहे व हात कसलेला लागतो. स्लॅब प्रमाणाबाहेर उचलला गेल्यास खाली आणणे कठीण.

अंधेरीच्या बर्फीवाला पुलाचा भाग २०२४ मध्ये जॅकने उचलून गोखले पुलाशी जोडला गेला. तेच तंत्र रस्त्याला का नको, असे विचारले जाते. पुलाखाली जॅक ठेवायला जागा असते; रस्त्याखाली ती नसते.

रात्रीच्या चार तासांत मोकळा करावा लागणाऱ्या रस्त्याला फोम आणि सोसायटीच्या आवाराला राबडा, ही विभागणी व्यवहार्य वाटते. स्लॅबचे तुकडेच झाले असतील तर मात्र उखडण्याला पर्याय नाही. गळती तशीच राहिली तर तिन्ही उपाय पाण्यात जातील. त्यामुळे गळती शोधण्याची जबाबदारी रस्त्याच्या कंत्राटदाराची की जलवाहिनी सांभाळणाऱ्या खात्याची, हे निविदेतच लिहिले गेले पाहिजे.