नळ आला, पण पाणी?

पुण्यात पाणी येत नाही, नळ येतो. ‘नळ आला’, ‘नळ गेला’, ‘आज नळ लवकर जायचा आहे म्हणे’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. वस्तुतः भिंतीतला नळ जन्मात कधी तसूभरही हललेला नसतो. साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ जुळेना, की त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यायचा. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे शास्त्रातले उदाहरण मुलांच्या चेहऱ्यावरून परत येते. ‘नळ आला’ म्हटले, की लगेच पटते.

वर्गात ही लक्षणा गोड वाटते. स्वयंपाकघरात मात्र ती घात करते. ये-जा करणार पाणी आणि नाव नळाचे! मग धार बारीक झाली, की दोष नळाला, आणि नळाच्या पाठोपाठ तो बसवणाऱ्याला.

यंदा आमच्या ओट्याजवळचा जुना पितळी नळ निघाला आणि त्या जागी उंच मानेचा, चकचकीत नळ बसला. दोन दिवस धार भरघोस होती. तिसऱ्या दिवशी ती करंगळीएवढी झाली आणि चौथ्या दिवशी सुतळीएवढी. फराळाची भांडी घासायला पडलेली, आणि एक पातेले भरायला दहा मिनिटे! आईने निकाल दिला, “नळ खोटा दिलाय मेल्याने. राहिलेले तीनशे रुपये द्यायचे नाहीत.” प्लंबरच्या घरीही दिवाळी असते, ही बाब त्या निकालात विचारात घेतलेली नव्हती.

“अहो आई, आधी चौकशी तर करू,” सौ. म्हणाली, आणि तिने पदर खोचला. तिच्या चौकशीचा क्रम इतका सरळ होता, की तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

पहिला प्रश्न : धार एकाच नळाची बारीक आहे की घरातल्या सगळ्यांची? सगळ्यांची असेल, तर गच्चीवरची टाकी किंवा मुख्य वाहिनी पाहावी. टाकीचे पाणी स्वतःच्या भारानेच खाली येते. दहा मीटर उंचीला दाब मिळतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. टाकी डोक्यावर तीनच मीटर असेल, तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून तळमजल्यावर धो धो वाहणारा नळ वरच्या मजल्यावर रुसतो. वर राहणाऱ्यांनी नळ घेतानाच, तो कमी दाबावर चालतो का, हे विचारावे. आमच्या न्हाणीघरात धार मोठी होती; टाकी निर्दोष सुटली.

दुसरा प्रश्न ओट्याखालचा. भिंतीतला अँगल कॉक पुरता उघडा आहे का? काम करताना तो बंद करतात आणि पुष्कळदा अर्धाच उघडतात. त्यापुढची लवचीक नळी कुठे मुडपलेली नाही ना? गरम-गार एकत्र असलेल्या नळात एकच बाजू मंद असेल, तर त्याच बाजूचा कॉक आणि नळी तपासावी. आमच्याकडे दोन्ही ठीक होते.

तिसरा प्रश्न नळाच्या तोंडाशी. तिथे आट्यांवर बसवलेली एक बारीक जाळी असते. सौ.ने तोंडाला फडके गुंडाळून, ओरखडा न उमटवता, ती फिरवून काढली आणि जाळीविना नळ सोडला. पाणी एकदम उसळले! जाळीत काय होते? वाळूचे कण, गंजाचे पापुद्रे आणि जोडाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचे तुकडे. जुन्या दातांच्या ब्रशने जाळी साफ झाली. क्षारांचा पांढरा थर असता, तर अर्धा तास लिंबाच्या रसात ठेवावी लागली असती. (जाळी काढूनही धार बारीकच राहिली, तर कॉक बंद करून नळी नळापासून सोडवावी, तिचे टोक बादलीत धरून कॉक उघडावा. पाणी जोरात आले तर दोष नळाच्या पोटात. नाही तर मागच्या पाइपात.)

म्हणजे नवा नळ पाणी अडवीत नव्हता, कचरा अडवीत होता! जुन्या पितळी नळाला जाळीच नव्हती. त्यामुळे इतकी वर्षे जे काही येई, ते निमूटपणे आमच्या पातेल्यात उतरत होते. काम करताना जुन्या पाइपाला हिसके बसले, आतला गंज सुटला आणि नव्या जाळीने तो पकडला. आईने काही न बोलता देवघरातल्या डब्यातून तीनशे रुपये काढले आणि त्यावर चिवड्याचा पुडा ठेवला.

गाळ आणि कोंडलेली हवा हे वाहत्या पाण्याचे जुने वैरी. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी मार्गाने शहरातल्या हौदांत आणले, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. तिथे कोंडलेली हवा निघून जाई आणि गाळ खाली बसे. वाटेतच व्यवस्था होती. तोंडाशी येऊन भांडण नको. आपल्यालाही एवढे करता येईल : नवा नळ बसवण्यापूर्वी उघड्या पाइपातून दोन बादल्या पाणी सोडून द्यावे आणि ते झाडांना घालावे. आठ दिवसांनी जाळी एकदा धुवावी, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी.

पुणेकराला पाण्याची वाट पाहणे नवे नाही. फक्त धार बारीक झाली, की त्या शब्दांचा दुसरा अर्थ घ्यावा. पाणी कोणत्या वाटेने येते ते आधी पाहावे, आणि मगच कुणाची मजुरी अडवायची ते ठरवावे.