औषध सिद्ध करणारे हात

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगोपचाराची डे केअर केंद्रे उभारण्याची, आणि त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ या वर्षातच सुरू करण्याची घोषणा झाली. घोषणा स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख ६१ हजार लोकांना नव्याने कर्करोग झाला. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाने दर तीन आठवड्यांनी परळ गाठावे, टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर नातेवाइकांसह पथारी पसरावी, हे दृश्य किती वर्षे पाहत राहायचे? केमोथेरपी जिल्ह्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे. प्रश्न आहे तो वेगळाच. तेथे औषध पोहोचेल, खाटा पोहोचतील, उद्घाटनाच्या फितीही वेळेवर कापल्या जातील. पण ते औषध रुग्णाला देण्यायोग्य करणार कोण, आणि कोठे?

सर्वसामान्य कुटुंबाची समजूत अशी असते की, औषध कारखान्यातून तयार होऊन येते आणि परिचारिका ते सलाईनमधून सोडते. केमोथेरपीच्या बाबतीत हे अर्धसत्य आहे. यातील अनेक औषधे कुपीत भुकटीच्या किंवा तीव्र द्रावणाच्या रूपात येतात. रुग्णाची उंची व वजन यांवरून शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढायचे, त्यावरून मात्रा ठरवायची, तेवढेच औषध कुपीतून ओढायचे आणि योग्य द्रवात योग्य प्रमाणात मिसळायचे, ही सारी प्रक्रिया रुग्णालयातच होते. द्रवाची निवडही मनाला येईल तशी करता येत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील औषध साध्या मिठाच्या सलाईनमध्ये मिसळलेले चालत नाही, त्याला ग्लुकोजचेच द्रावण लागते. पॅक्लिटॅक्सेलला नेहमीच्या पीव्हीसीच्या पिशव्या चालत नाहीत. सिस्प्लॅटिनचा संबंध ॲल्युमिनियमच्या सुईशी येऊ द्यायचा नाही. प्रत्येक औषधाचा स्वभाव निराळा, आणि तो ठाऊक असलेला मनुष्य म्हणजे प्रशिक्षित औषधनिर्माता. औषधे मोजून देणारा दुकानदार एवढीच ज्याची ओळख आपल्या समाजाने ठेवली आहे, तो हाच!

या कामाला दुहेरी धार आहे. एकीकडे औषध निर्जंतुक राहिले पाहिजे. केमोथेरपीने रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. निरोगी माणसाचे शरीर ज्या जंतूला सहज परतवून लावील, तोच जंतू या रुग्णाच्या शिरेतून थेट रक्तात गेला तर प्राणावर बेततो. दुसरीकडे, हे औषध हाताळणाऱ्यालाही त्यापासून वाचवावे लागते, कारण कर्कपेशी मारणारी ही द्रव्ये निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. सायक्लोफॉस्फामाइड, मेल्फॅलन यांसारखी औषधे तर मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात नोंदलेली आहेत. रुग्णाने हा धोका जाणीवपूर्वक पत्करलेला असतो, कारण समोर मृत्यू उभा असतो. दिवसाकाठी वीस-पंचवीस कुप्या फोडणाऱ्या परिचारिकेने तो का पत्करावा?

ही भीती काल्पनिक नव्हे. १९७९ साली फिनलंडमधील संशोधकांनी ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जनुकांत बदल घडवू शकणारी द्रव्ये असल्याचे दाखवून दिले. १९८५ मध्ये त्याच देशातील परिचारिकांच्या अभ्यासात अशा हाताळणीचा आणि गर्भपाताचा संबंध आढळला. आपल्या रुग्णालयांतील अनेक परिचारिका तरुण आहेत, काही नवविवाहित आहेत. हे ध्यानी घेतले म्हणजे या अभ्यासांचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

येथे एक तांत्रिक बाब मुद्दाम समजून घेतली पाहिजे, कारण खरेदीच्या वेळी नेमकी तेथेच गफलत होते. निर्जंतुक कामासाठी अनेक ठिकाणी समोरून, म्हणजे काम करणाऱ्याच्या दिशेने, गाळलेली हवा फेकणारे आडव्या झोताचे टेबल वापरतात. साध्या प्रतिजैविकाला ते ठीक आहे. केमोथेरपीच्या औषधासाठी ते वापरले, तर औषध स्वच्छ राहते, पण त्याचे अदृश्य तुषार कर्मचाऱ्याच्या तोंडावर येतात! येथे हवेचा झोत वरून खाली नेणारी आणि समोरच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढून घेणारी दुसऱ्या वर्गाची बायोसेफ्टी कॅबिनेट लागते. तिच्या गाळण्या ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतात. ती ज्या खोलीत ठेवायची, तेथील हवेचा दाब शेजारच्या खोलीपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी दूषित हवा बाहेर पडत नाही. दुहेरी हातमोजे, मागे बांधायचा न झिरपणारा गाऊन, घट्ट फिरवून बसणारी सिरिंज, कुपीत जास्त हवा न दाबण्याचे कौशल्य, हे सारे त्याच्या जोडीला आले. कौशल्य हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. कुपीत हवेचा दाब वाढला की सुई काढताक्षणी औषधाचा सूक्ष्म फवारा उडतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो, म्हणून काही घडले नाही असे वाटते. सांडलेले औषध स्पिरिटने पुसले की काम झाले, हाही असाच एक भ्रम. स्पिरिटने जंतू मरतात, औषध मात्र निष्प्रभ होत नाही, ते फार तर पसरते.

विषाला औषध करताना विधी पाळावा लागतो, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. योग्य रीतीने वापरलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध ठरते आणि अयोग्य रीतीने वापरलेले औषध विष होते, हा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातच आलेला आहे. बचनाग गोमूत्रात शुद्ध केल्यावाचून वैद्य वापरीत नसे. ज्या विन्क्रिस्टीनने रक्ताच्या कर्करोगाच्या असंख्य बालकांना जीवदान दिले, ते तर आपल्या अंगणातील सदाफुलीपासूनच मिळते. पण तेच विन्क्रिस्टीन शिरेऐवजी चुकून मणक्यातील द्रवात टोचले गेले, तर रुग्ण बहुधा वाचत नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे २००१ साली एक अठरा वर्षांचा तरुण असाच गेला. अशा घटना देशोदेशी घडल्यानंतर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, हे औषध सिरिंजमध्ये भरून देऊच नये, छोट्या पिशवीत विरल करून द्यावे. पिशवी मणक्यात टोचायला कोणी धजणार नाही, इतका हा साधा उपाय. तो कोणी अमलात आणायचा? औषध सिद्ध करणाऱ्या खोलीने.

त्या खोलीत काय बिघडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील ओहायो राज्याने पाहिले आहे. एमिली जेरी ही दोन वर्षांची मुलगी २००६ साली केमोथेरपीच्या शेवटच्या फेरीसाठी रुग्णालयात आली होती. तिची गाठ उपचारांनी नाहीशी झाली होती. औषधाची मात्रा चुकली नाही. ज्या सलाईनमध्ये ते मिसळायचे, त्यात मीठ एक टक्क्याहून कमी असायला हवे होते. साहाय्यक कर्मचाऱ्याने २३ टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे द्रावण वापरले, तपासणाऱ्याच्या नजरेतून ते निसटले, आणि ती बालिका कर्करोगाने नव्हे, मिठाने गेली. त्या वेळी त्या राज्यात अशा साहाय्यकाला प्रशिक्षणाची सक्ती नव्हती. २००९ मध्ये तिच्याच नावाने कायदा झाल्यावर ती आली. एवढ्या संपन्न देशात हे घडते, तेव्हा जिल्ह्याच्या गावी गर्दीच्या वॉर्डात, एका हाताने फोन घेत दुसऱ्या हाताने कुपी हलवणाऱ्या परिचारिकेला दोष देणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. तिला तेथे कोणी उभे केले, हे आधी विचारले पाहिजे.

आपल्याकडे मोठ्या कर्करोग संस्थांनी स्वतंत्र कक्ष उभारले आहेत आणि तेथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. उणीव आहे ती लहान रुग्णालयांत, खासगी आणि सरकारी दोन्ही. कचऱ्यासंबंधी निदान नियम तरी स्पष्ट आहेत: २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ही औषधे आणि त्यांनी दूषित झालेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत जाऊन १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळल्या गेल्या पाहिजेत. सिरिंज मागच्या अंगणातल्या खड्ड्यात आणि हातमोजे नगरपालिकेच्या घंटागाडीत, हा प्रकार आजच बेकायदेशीर आहे.

कुटुंबांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उपचारानंतरचे सुमारे ४८ तास रुग्णाचे मलमूत्र, उलटी आणि त्याने माखलेले कपडे हातमोजे घालूनच हाताळावेत. केमोथेरपीच्या गोळ्या घरी कुटू नयेत, अर्ध्या करू नयेत. गिळता येत नसतील तर डॉक्टरांना विचारावे. आणि आपल्या माणसाचे औषध येथे कोण मिसळते, मोजमाप दुसरे कोणी पडताळते का, हे नम्रपणे विचारण्यात संकोच बाळगू नये.

डे केअर केंद्रांच्या कामात सर्वांत आधी हलायला हवे ते आराखड्याच्या पातळीवर. भिंती उभ्या राहिल्यावर हवेच्या नळ्या आणि दाबाचा फरक यांची सोय करणे महागात पडते, बहुधा होतच नाही. ज्या जिल्ह्यात अशी खोली आणि प्रशिक्षित औषधनिर्माता लगेच देता येत नाही, तेथे जवळच्या मोठ्या केंद्रात औषध सिद्ध करून, ज्यांचे द्रावण तेवढा वेळ टिकते ती औषधे सीलबंद पाठवता येतील. सर्वच टिकत नाहीत, म्हणून यादी तज्ज्ञांनीच ठरवावी लागेल. निविदेत खाटांच्या ओळीखाली कॅबिनेटची आणि ती दरवर्षी तपासून घेण्याच्या खर्चाची ओळ आहे की नाही, हे जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी आणि रुग्णसेवेत असलेल्या कार्यकर्त्यांनी आत्ताच, निविदा निघण्यापूर्वी पाहावे.