पटाशीची परीक्षा

‘‘अरे, बी. ए. करणारा मुलगा तू! सुतारकाम शिकून काय दिवे लावणार आहेस?’’ गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रश्न मला घरीदारी ऐकावा लागला. निमित्त झाले आजीच्या मोडक्या चौरंगाचे. तो घेऊन आळीतल्या सुतारकाकांकडे गेलो आणि ‘‘तुम्ही शिकवा, मीच करतो,’’ असे बोलून बसलो. काका हसले. लाकडाचा एक तुकडा पुढ्यात टाकून म्हणाले, ‘‘आधी यात चौकोनी भोक पाड. चौरंगाचं मग बघू.’’

चौकोनी भोक! ऐकायला किती सोपे! पायात खाच पाडायची, आडव्या पट्टीच्या टोकाला तिच्या मापाचे कुसू काढायचे आणि एकात एक बसवायचे. दाराच्या चौकटीपासून खाटेपर्यंत हाच सांधा पिढ्यान् पिढ्या भार वाहत आला आहे. मला वाटले, तासाभराचे काम. प्रत्यक्षात अख्खी सकाळ गेली, आणि भोक निघाले ते वरून चौकोनी, आतून वाकडे आणि कडांना फुटलेले.

काकांनी न रागावता एकेक चूक दाखवली. खाचेची रुंदी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी. जास्त केली तर दोन्ही बाजूंच्या भिंती दुबळ्या होतात. पटाशी त्याच रुंदीची घ्यावी, म्हणजे माप हत्यारच सांभाळते. पहिला घाव टोकाच्या रेघेवर कधीच घालू नये. ढलप्या उचकटताना पटाशी कडेवर रेलते आणि कड दबते; म्हणून आत राहून खोदावे, रेघ शेवटी गाठावी. आरपार भोक दोन्ही बाजूंनी खोदत मध्यावर आणावे, नाहीतर शेवटच्या घावाला पलीकडची ढलपी उडते. आणि धार! बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोर लावला की हात वाकडा जातो.

हे सारे मी पहिल्याच दिवशी पाठ केले. लेखी परीक्षा असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते! पण लाकूड पाठांतर ऐकत नाही. पटाशी सरळ उभी धरली आहे असे मला वाटे. गुण्या लावला की ती कललेली दिसे. अखेर अकराव्या दिवशी कुसू हलक्या ठोक्यांनी आत गेले आणि हलले नाही. त्या दिवशी झालेला आनंद पहिल्या वर्गाच्या निकालानेही मला दिलेला नव्हता.

येथेच माझा मुद्दा येतो. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे, हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे, असे सुचवले आहे. कल्पना स्तुत्यच आहे. परंतु दहा दिवसांत मला एक भोक सरळ पाडता आले नाही! आणि आठवीनंतर हातांची गरज संपते काय?

कोणी म्हणेल, यंत्राने क्षणात होणाऱ्या कामासाठी एवढा खटाटोप कशाला? काकाही घाईच्या कामाला यंत्र वापरतात. सर्वांनी सुतार व्हावे, असेही माझे म्हणणे नाही. पण श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहिणाऱ्या आपल्याला ज्ञान हातातही असते याचा एकदा तरी अनुभव यायला नको का? तो नसल्यामुळेच आपण कारागिराला ‘अडाणी’ म्हणतो. काकांचा मुलगा शहरात कॉलेजात आहे. वडिलांचा धंदा तो मित्रांना सांगत नाही. ही लाज त्याची नव्हे, आपण त्याला दिलेली आहे.

म्हणून माझी सूचना अशी : आपल्या महाविद्यालयात आठवड्याला दोन तास एखाद्या हस्तकलेचे असावेत, आणि ते शिकवायला कारागिरालाच सन्मानाने, मानधन देऊन बोलवावे. त्याला प्राध्यापकांच्या शेजारी खुर्ची असावी. ती खुर्चीही, बारकाईने पाहिलेत तर, खाच आणि कुसवावरच उभी असेल!