रानांतील नवा कोळी आणि मालकीचें रान

पीक, खत, कीड व बाजारभाव यांसाठीं राखलेल्या या पृष्ठांवर एका कोळ्याविषयीं लिहिण्याचें काय प्रयोजन, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देण्याकरितांच आम्हीं हा विषय घेतला आहे.

इ. स. २०१६ मध्यें जावेद अहमद, राजश्री खळप व सुमुख जे. एन. या अभ्यासकांनीं सह्याद्रीच्या रानांतील एका कोळ्याचें वर्णन प्रथमच प्रसिद्ध केलें. तोंवर शास्त्रास ही जाति ठाऊक नव्हती. कर्नाटकांतील शिमोगा जिल्ह्यांत, ज्या रानांस तेथील लोक ‘कान’ म्हणतात, अशा रानांत हा प्राणी आढळला. मादीची लांबी अवघी सात मिलिमीटर, म्हणजे भाताच्या एका दाण्याएवढी. तिचें पोट मागील बाजूस निमुळतें होत जाऊन टोकाशीं वांकलेलें असतें, आणि रंग वाळक्या पानाचा असतो. दिवसा ती वाळलेल्या पाल्यांत निश्चल बसते, तेव्हां पान कोणतें आणि प्राणी कोणता हें ओळखूं येत नाहीं. रात्र पडली म्हणजे ती आपल्या उद्योगास लागते. एका इंग्रजी कादंबरीमालेंत शाळेंतील मुलांची निवड करणारी एक जुनी, टोकदार, जादूची टोपी आहे. या कोळ्याचें रूप त्या टोपीसारखें दिसलें, म्हणून टोपीच्या मूळ धन्याच्या नांवावरून त्यास ‘एरिओव्हिक्सिया ग्रिफिन्डोरी’ असें नांव देण्यांत आलें.

वर्तमानपत्रांनीं टोपीची गोष्ट मोठ्या हौसेनें छापिली. आमच्या मतें शेतकऱ्यानें टोपीपेक्षां त्या रानाचीच गोष्ट अधिक लक्ष देऊन ऐकावी.

कान म्हणजे मलनाडांतील गांवकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलें सदाहरित रान. तेथें देवतेचें ठाणें असे, पाण्याचा झरा असे, झाडांवर मिरीचे वेल चढलेले असत. लोक मिरी व मध घेत, परंतु कुऱ्हाड आपण होऊन आवरीत. इ. स. १८६८ मध्यें ब्रँडिस व ग्रँट यांनीं एकट्या सोरब तालुक्यांत असे १७१ कान नोंदिले. पुढें सरकारनें गांवांचे हक्क आखडले, राखणारा दूर झाला, आणि पुष्कळ कान विरळ झाले. आपल्याकडील देवराया याच कुळांतल्या. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं सह्याद्रींतील देवरायांवरील आपला अभ्यास इ. स. १९७६ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां सुशिक्षितांचें लक्ष त्यांकडे गेलें. गांवकऱ्यांस मात्र त्या आधींपासूनच ठाऊक होत्या. तात्पर्य, हा कोळी ज्या प्रकारच्या रानांत सांपडला, तें रान शेतकऱ्याच्याच हातानें राखलेलें आहे.

नवी जाति सांपडली म्हणजे प्राणी नव्यानें जन्मास आला असें नव्हे. तो आपल्या गांवठाणांहूनहि जुना आहे; नवें झालें तें आपलें ज्ञान. हें ज्ञान सहज हातीं येत नाहीं. रात्रीं रानांत हिंडून प्राणी शोधावा लागतो. त्याचे डोळे, पाय व मादीच्या जननेंद्रियाची ठेवण सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावी लागते. जवळच्या जातींशीं सर्व ताडून पाहावें लागतें. आणि पुढील अभ्यासकास पडताळा घेतां यावा म्हणून मूळ नमुना जपून ठेवावा लागतो. इ. स. २०२२ च्या एप्रिलांत जगांतील नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या ५०,००० वर पोहोंचली, तरी हें काम संपलेलें नाहीं. ज्या रानाची तोड अशा नोंदीपूर्वींच झाली, तेथें काय होतें व काय गेलें हें पुढें कोणासहि सांगतां येणार नाहीं. जमाखर्च मांडण्यापूर्वींच वही जाळावी, तसा हा प्रकार होय.

कोळी शेतकऱ्याचा मित्र आहे हें आतां निराळें सांगावयास नको. भाताच्या खाचरांत चपळाईनें धांवणारे कोळी तुडतुड्यांचा फडशा पाडतात. इंडोनेशियांत औषधांच्या अतिरिक्त फवारणीनें असे कोळी मेले व तुडतुडे अधिकच माजले. अखेर इ. स. १९८६ मध्यें तेथील सरकारनें भातावर ५७ कीटकनाशकें वापरण्यास बंदी केली. परंतु या दाखल्यानें आम्ही वाचकांची दिशाभूल करूं इच्छीत नाहीं. घाटांतील हा नवा कोळी डोंगर उतरून कोणाच्या खाचरांतील तुडतुडे खाण्यास येणार नाहीं. प्रत्येक जीव आपल्या किती रुपयांच्या उपयोगाचा, एवढेंच पाहून त्यास जगूं द्यावयाचें म्हटलें, तर हिशेबांत न बसणारे बहुतेक जीव मरणारच.

तरीहि ज्या पाचोळ्यांत तो लपतो, त्या पाचोळ्याशीं आपला संबंध आहे. रानांतील पाचोळा पावसाचा मारा झेलतो, पाणी जिरवितो आणि माती धरून ठेवितो. वरचें रान उघडें पडलें कीं पहिल्याच मोठ्या पावसांत माती ओढ्यांत येते, आणि उन्हाळ्यांत झरा लौकर आटतो. कोळ्याचें घर व आपल्या विहिरीचें पाणी हीं एकाच पाचोळ्याखालीं आहेत.

आतां मुख्य मुद्दा. कोंकणांत व घाटमाथ्यावर पुष्कळ रान सरकारचें नसून खातेदारांच्या मालकीचें आहे. ठेकेदार येतो, उभें रान उक्तें मागतो आणि रोख रक्कम पुढें ठेवितो. मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण किंवा सोसायटीचें कर्ज समोर असतां ती रक्कम नाकारणें किती कठिण आहे, हें आम्ही जाणतों. शहरांत बसून शेतकऱ्यास रान राखण्याचा उपदेश करणें सोपें. रान राखल्यानें बुडणारें उत्पन्न मात्र शेतकऱ्याच्याच माथीं बसतें. म्हणून रान राखणाऱ्या खातेदारास योग्य मोबदला मिळावा, ही मागणी आपण संस्थेमार्फत ठासून केली पाहिजे. जें सर्वांच्या हिताचें, त्याचा भार एकट्या मालकानें कां वाहावा?

परंतु तो मोबदला मिळेपर्यंत सर्व कांहीं तोडूं द्यावें, हेंहि आम्हांस मान्य नाहीं. थोडें आपल्या हातीं आहे. सरसकट तोडीऐवजीं मोजकीं, तयार झालेलीं झाडें निवडून विकावीं. देवराईस आणि ओढ्याच्या दोन्ही कांठांस कुऱ्हाड लावूं नये. राबासाठीं पालापाचोळा गोळा करितांना तो दाट रानांतून न आणतां बांधावरून व मोकळ्या माळावरून आणावा. गवत चांगलें यावें म्हणून डोंगरास आग लावण्याची चाल सोडावी. ती आग कोणाचेंच कुंपण ओळखत नाहीं. आणि एखादा अभ्यासक किंवा महाविद्यालयांतील विद्यार्थी रात्रीं बत्ती घेऊन आपल्या रानांत किडे पाहावयास परवानगी मागूं लागला, तर त्यास हंसून परत न पाठवितां सोबत एक माहीतगार गडी द्यावा. कोणत्या झाडाखालीं काय दिसतें हें आपल्या गड्यास जितकें ठाऊक असतें, तितकें पुस्तकांत नसतें.

ज्यांच्या नांवावर अद्यापि असें रान उभें आहे, त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, ठेकेदाराकडून विसार घेण्यापूर्वीं एका संध्याकाळीं मुलांस बरोबर घेऊन त्या रानांतून सावकाश चालून यावें. काय विकावयास निघालों आहों तें डोळ्यांनीं पाहावें, आणि मगच सौद्यास बसावें.