चाचणीतील रुग्ण हा याचक नव्हे

कंधार तालुक्यातील एक जुने कार्यकर्ते, एके काळचे माझे विद्यार्थी, परवा भेटावयास आले होते. त्यांच्या मेहुण्याने वर्षभरापासून अंथरूण धरले आहे. झोप नाही, भूक नाही, शेताकडे पाहवत नाही. ते म्हणाले, "सर, नैराश्यावरच्या ट्रायलमध्ये औषध फुकट मिळते म्हणतात. नाव घालावे का? आणि घालावयाचे तर कोठे?" प्रश्न साधा होता; उत्तराला मात्र तास लागला. ते उत्तर आपल्या सर्वच कार्यकर्त्यांपाशी असावे, या हेतूने हे लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे वैद्यकीय चाचणी, ही मूलतः ज्ञान मिळविण्याची पद्धती आहे. नवे औषध अथवा समुपदेशनाची नवी रीत जुन्याहून सरस आहे काय, हे पाहण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडतात. एका गटास नवा उपचार मिळतो. दुसऱ्यास प्रचलित उपचार, किंवा काही चाचण्यांत औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आपल्या वाट्याला काय आले हे अशा वेळी रुग्णासच काय, पुष्कळदा डॉक्टरासही ठाऊक नसते. म्हणून चालू औषधाने जो सावरत आहे, त्याने चाचणीच्या आशेने ते आपण होऊन सोडू नये. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, त्याने तर चाचणीची वाट पाहत एक दिवसही दवडू नये. त्याला सोबत करून नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. रात्री-अपरात्री 14416 हा टेलि-मानसचा निःशुल्क क्रमांक आहे.

मग चाचण्यांपासून दूरच राहावे काय? माझे उत्तर नाही असे आहे. शेजारच्या गोव्याचे उदाहरण पाहा. 'संगाथ' या संस्थेच्या पुढाकाराने तेथील 24 दवाखान्यांत, 12 सरकारी व 12 खासगी, नैराश्य व चिंताविकार असलेल्या 2,796 रुग्णांवर 'मानस' नावाची चाचणी झाली. निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, स्थानिक समाजातून निवडून प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांवर तीत मोठी भिस्त होती. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा सेवेतील 65.9 टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण 42.5 टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. पुढे 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 495 रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2017 साली आले व त्यांनीही अशा समुपदेशनाचा लाभ दाखवून दिला. गरिबाच्या केंद्रात, गरिबाच्या भाषेत, थोड्या खर्चात हा आजार हटविता येतो, हे ज्ञान त्या हजारो रुग्णांच्या होकारातून जन्माला आले आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ज्ञान ही सार्वजनिक संपत्ती होय. परंतु तिच्या निर्मितीतील जोखीम रुग्णाच्या देहावर आणि बुडालेल्या मजुरीवर पडते. किनवटहून नांदेडला तपासणीसाठी येणे म्हणजे एक अख्खा रोज बुडणे. जो जोखीम उचलतो तो भागीदार ठरतो, आणि भागीदाराला संरक्षण व फळ या दोन्हींवर हक्क असतो.

संरक्षण कागदावर आले, तेही सहजासहजी नव्हे. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात, पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघडकीस आले आणि 2010 मध्ये तो प्रकल्प थांबविला गेला. इंदूरच्या 'स्वास्थ्य अधिकार मंच'ने 2012 साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. अशा रेट्यातून नियम कडक होत गेले. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत. चाचणीच्या काळात इजा झाल्यास निःशुल्क उपचार, आणि इजा वा मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे ठरल्यास भरपाई, असे त्यांत बंधन आहे. मानसिक आरोग्य कायदा, 2017 याच्या 99 व्या कलमान्वये मानसिक रुग्णावरील कोणत्याही संशोधनास, मग ते समुपदेशनाचे का असेना, मुक्त व जाणतेपणी दिलेली संमती आवश्यक आहे.

आता चाचणी शोधावी कशी? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2007 पासून सीटीआरआय ही नोंदवही चालविली आहे. औषध नियंत्रकांनी 2009 पासून चाचण्यांची नोंदणी सक्तीची केली. ही नोंदवही इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहता येते. आजाराचे नाव घालून शोधले की चाचणी कोणत्या गावी, कोणत्या रुग्णालयात आहे, कोणास घेतात, कोणास वगळतात, पैसा कोणाचा, नीतिसमितीची मान्यता आहे काय, भरती चालू आहे की संपली, आणि संपर्क कोणाशी करावा, हे कळते. मात्र नोंद असणे म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. शिवाय नोंदी इंग्रजीत आहेत, आणि ज्याला सकाळी उठून तोंड धुण्याचेही बळ नाही त्याने त्या वाचाव्यात ही अपेक्षा क्रूरपणाची आहे. ते काम आपले आहे.

होकारापूर्वी रुग्णासोबत बसून काही प्रश्न विचारावेत. माहितीपत्रक मराठीत आहे काय, व त्याची प्रत घरी नेता येईल काय? दुसऱ्या गटास काय मिळणार? सध्याच्या औषधांचे काय होणार? मधेच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार चालू राहतील ना? प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मिळेल काय? चाचणी संपल्यावर पुढे काय? रात्री त्रास झाल्यास कोणास कळवावयाचे? उत्तरे समाधानकारक नसतील तर घरी परतावे; नकार देण्याने कोणाचाही अपमान होत नाही.

राहिला फळाचा प्रश्न. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या भागातील मनांची तपासणी झाली; 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अहवालात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत मनोविकार आढळले होते, त्यांत नैराश्यही होते. पुढे 2015-16 चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 12 राज्यांत झाले. त्यात नैराश्याचे शंभरांतील सुमारे 85 रुग्ण उपचारांवाचून असल्याचे दिसले. पण त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या राज्याची मोजदाद यात राहून गेली.

म्हणून आपली मागणी निश्चित असली पाहिजे. गोव्यात सिद्ध झालेली समुपदेशनसेवा नांदेड-लातूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुरू करा. येथील परिस्थितीत तिचा कस लावावयाचा असेल तर खुशाल चाचणी घ्या, परंतु ती सार्वजनिक पैशाने घ्या आणि निष्कर्ष मराठीत गावापुढे मांडा.

त्या कार्यकर्त्यांना मी शेवटी इतकेच सांगितले की मेहुण्याला आधी डॉक्टरांकडे न्या, नोंदवही आपण दोघे मिळून पाहू. येत्या सोमवारी ते त्याला घेऊन येणार आहेत.