रुग्णालयातली लाल झेंडी

आपल्या भागात एखाद्याचे दुखणे हाताबाहेर गेले, की घरातले वडीलधारे म्हणतात, "आता परळला न्या." परळ म्हणजे के.ई.एम., टाटा, वाडिया. मग काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट, हातात केसपेपरची पिशवी आणि पोळीभाजीचा डबा घेऊन मंडळी निघतात. ज्यांचा कुणी काका-मामा डिलाईल रोडच्या चाळीत राहतो, ती लोअर परळ स्टेशनावर उतरतात. तिथे रुळांना लागूनच रेल्वेचा डबे दुरुस्त करण्याचा जुना कारखाना आहे. रुग्णालयाकडे वळण्याआधी आज थोडे रेल्वेविषयीच बोलू.

रुळांवर काम करणारा गँगमन हा रेल्वेच्या उतरंडीत अगदी खालचा माणूस. पण रूळ तडकलेला दिसला, की तो लाल झेंडी दाखवतो आणि हजार-दीड हजार उतारूंची एक्सप्रेस थांबते. हाताशी झेंडी नसली, तर कापड किंवा कंदील जोरजोराने हलवला तरी पुरते. चालकाने तो थांबण्याचाच इशारा समजायचा असा नियम आहे. आधी गाडी थांबवायची आणि चौकशी मागाहून करायची. "तू कोण, तुझी पायरी काय," असे विचारत कुणी गाडी पुढे दामटत नाही.

आता रुग्णालयात या. तिथला गँगमन म्हणजे वॉर्डबॉय, आया, नवशिकी सिस्टर, ट्रॉली ढकलणारा मामा. त्यांच्या हातात लाल झेंडी असते का? आणि रूळ कुठे तडकतो हे त्यांना कुणी शिकवलेले असते का?

नोव्हेंबर २०१४ मधली गोष्ट. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही संस्था आहे. तिथे एमआरआयच्या खोलीत प्राणवायूचे लोखंडी सिलिंडर गेले. यंत्रातल्या चुंबकाने ते खेचले आणि सिलिंडर व यंत्र यांच्यामध्ये वॉर्डबॉय आणि तंत्रज्ञ असे दोघे अडकले. जवळजवळ चार तास. दोघेही वाचले, पण गंभीर जखमी होऊन. तेव्हाच्या बातम्यांत आले होते की मागवला होता नुसता मास्क, आणि आले सिलिंडर.

पुढे २७ जानेवारी २०१८ ला मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात जवळजवळ तसेच घडले. एका वृद्धेला एमआरआयसाठी नेले होते आणि तिच्या नात्यातला ३२ वर्षांचा तरुण सोबत होता. प्राणवायूचे सिलिंडर त्याच्या हातात होते. नातेवाइकांचे म्हणणे असे, की यंत्र बंद आहे, सिलिंडर आत न्यायला हरकत नाही, असे तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितले. यंत्राने सिलिंडरसकट त्याला ओढले. सिलिंडरमधून वायू सुटला आणि आजारी नसलेला, केवळ मदतीला आलेला माणूस गेला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि डॉक्टर व कर्मचाऱ्यांना अटक झाली.

"यंत्र बंद आहे" या तीन शब्दांत सगळी चूक आहे. एमआरआयचे चुंबक पंख्यासारखे बटण दाबून बंद होत नाही. आतल्या तारांची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये बुडवून अतिशय थंड ठेवलेली असतात. एकदा त्यांतून वीज खेळू लागली, की ती आपोआप फिरत राहते. तपासणी चालू नसली, पडद्यावर काही दिसत नसले, बाहेरची वीज गेली, तरी चुंबक जागेच असते. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्राची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट भरते. दाराशी काही जाणवत नाही, पण दोन पावले पुढे गेल्यावर हातातले सिलिंडर आवरत नाही. म्हणून त्या खोलीसाठी अ‍ॅल्युमिनियमची वेगळी सिलिंडरे असतात.

हे सांगायला पाच मिनिटे लागतात. डॉक्टरांना ते पुस्तकात असते, तंत्रज्ञाला अभ्यासक्रमात असते. ट्रॉली ढकलणाऱ्याला ते कुणी सांगायचे? त्यातून आता बऱ्याच ठिकाणी हा कर्मचारी कंत्राटी असतो. आज या वॉर्डात, उद्या दुसऱ्या आणि परवा कदाचित कामावरच नाही. खारघरची घटना वर्तमानपत्रांत ठळक छापून आली होती. खारघर ते मुंबई सेंट्रल हे अंतर किती? तरी एका ठिकाणचा धडा दुसऱ्या ठिकाणच्या दारापर्यंत तीन वर्षांत पोहोचला नाही. त्याही आधी, २००१ साली, अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ एमआरआयमध्ये असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा असाच सिलिंडर लागून मृत्यू झाला होता. म्हणजे ही चूक साऱ्या जगाला माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त ज्याच्या हातात सिलिंडर असते त्याला.

आपल्याकडे अपघात झाला, की चौकशी समिती बसते, दोघे-तिघे निलंबित होतात आणि प्रकरण मिटते. दोषीला शिक्षा व्हावी याबद्दल माझे दुमत नाही. परंतु निलंबित माणसाच्या जागी दुसऱ्या दिवशी जो येतो, त्यालाही काही शिकवलेले नसेल, तर त्या शिक्षेने पुढचा रुग्ण कसा वाचणार?

यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सगळी बचावली. संबंधितांवर कारवाई झाली. पण पहिल्या मुलापासून बाराव्या मुलापर्यंत कुणाच्याच लक्षात कसे आले नाही? की कुणाच्या मनात शंका आली आणि ती ओठांवर आली नाही? थेंब पाजण्याआधी बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचायचे आणि शेजारच्याने "हो, बरोबर" म्हणायचे, एवढी सवय लावलेली असती तर? ही सवय परिपत्रकाने लागत नाही. ती करून घ्यावी लागते, कवायतीसारखी.

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो, जरा लाजत. शिकाऊ डॉक्टर असताना एका मोठ्या रुग्णालयात माझी रात्रपाळी होती. वॉर्डात एकाच आडनावाच्या दोन बाया दाखल होत्या. एकीला रक्त चढवायचे होते. मी पिशवी घेऊन खाटेपाशी गेलो आणि नळी जोडायला लागलो, तेव्हा फरशी पुसणारी आया म्हणाली, "डॉक्टर, ह्या त्या बाई नव्हेत. संध्याकाळीच खाटा बदलल्यात." मी तिच्यावर खेकसलो, "तुला काय कळतं? तुझं काम कर." ती गप्प झाली. तरी हात जरा थबकला म्हणून मी केसपेपर आणि पिशवीवरची चिठ्ठी ताडून पाहिली. आयाचेच बरोबर होते. दोघींचे रक्तगट वेगळे होते. चुकीच्या गटाचे थोडेसे रक्तही शरीरात गेले, तरी मूत्रपिंडे निकामी होऊन जीव जाऊ शकतो.

त्या बाई वाचल्या. मी आयाची माफी मागितली नाही. त्या वयात तेवढी अक्कल नव्हती. पुढच्या वेळी अशी वेळ आली तेव्हा ती बोलली असेल का, हा प्रश्न मात्र इतकी वर्षे पाठ सोडत नाही. तिला कामाचे शिक्षण कमी होते, हे खरे. पण त्या रात्री खरे शिक्षण हवे होते ते मला, खालच्या माणसाचे ऐकण्याचे.

शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एक तपासणी-यादी काढली. तीत अवघे १९ मुद्दे आहेत. भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी आणि रुग्ण बाहेर काढण्याआधी असे तीनदा थांबायचे. रुग्णाचे नाव काय, शस्त्रक्रिया कोणती, बाजू डावी की उजवी, कुठल्या औषधाचे वावडे आहे का, कापसाचे बोळे मोजून पुरे भरले का, हे मोठ्याने बोलायचे. गंमत म्हणजे तीत एक मुद्दा असा आहे, की खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. आपल्या सर्जनसाहेबांना हे पोरकटपणाचे वाटते. पण ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितले, त्याला पुढे "साहेब, ही डावी बाजू नाही" म्हणणे जरा सोपे जाते. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

मग यादी छापून भिंतीवर लावली की काम झाले का? नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ती सक्तीची केली. २०१४ साली हिशेब मांडला, तेव्हा मृत्यूंत म्हणावी तशी घट दिसली नाही. रकान्यांत खुणा करणे हे कारकुनी काम झाले, की त्याचे असेच होते. आपल्याकडे तर रुग्ण घरी जाताना सगळ्या खुणा एकदम करण्याची कला फार जुनी!

उलट अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालये आहेत, त्यांनी वेगळे केले. शस्त्रक्रियागृह एक दिवस चक्क बंद ठेवून सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ सगळ्यांना एकत्र बसवले. शंका आली तर कशी बोलायची, ऐकणाऱ्याने कसे थांबायचे, हे शिकवले. अशा ७४ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू वर्षाला १८ टक्क्यांनी घटले. जिथे हे शिक्षण अजून पोहोचले नव्हते तिथली घट ७ टक्के होती. ही माहिती २०१० सालची आहे. यंत्रे, औषधे, माणसे सगळी तीच होती. बदलले ते एकमेकांशी बोलणे.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे हॉटेलातले चर्चासत्र. त्याला डॉक्टर जातात, पिशवी आणि प्रमाणपत्र घेऊन येतात. सिस्टर गेल्या तर वॉर्ड कोण सांभाळणार, म्हणून त्या जात नाहीत. वॉर्डबॉयचे नाव यादीत घालायचे कुणाला सुचतही नाही. माझे म्हणणे असे, की प्रशिक्षण वॉर्डातच व्हावे, पाळी बदलताना, दहा-पंधरा मिनिटांचे, रोज एका विषयाचे. आज रक्ताची पिशवी, उद्या प्राणवायूचे सिलिंडर, परवा फोनवर सांगितलेले औषध. फोनवर 'दोन' म्हटलेले 'दहा' ऐकू येते, म्हणून ऐकणाऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवायचे, आणि सांगणाऱ्याने न चिडता ऐकून घ्यायचे. कंत्राटदाराने नवा माणूस पाठवला, तर हे धडे घेतल्याशिवाय त्याला ट्रॉलीला हात लावू देऊ नये. गिरणीतसुद्धा नवखा बदली कामगार एकदम मागावर एकटा उभा राहत नसे. जाणत्याच्या शेजारी उभा राहूनच तो शिकत असे.

आपल्या तालुक्याच्या गावातल्या खाजगी नर्सिंग होमचे दुखणे याहून वेगळे आहे. तिथे पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी 'सिस्टर' असते. काहींनी रीतसर शिक्षण घेतलेले असते, काही बारावीनंतर थेट कामाला लागलेल्या असतात. नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. २०२१ साली त्याचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आले. ती सनद कुठे लावली आहे, हे पुढच्या वेळी जरूर पाहा. बऱ्याचदा तिच्यापुढे कॅलेंडर टांगलेले असते.

आणि आपण, नातेवाईक? आपल्या रुग्णालयांत निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. सलाईन संपत आले की हाक ते मारतात, औषधे ते आणतात, ट्रॉली ते ढकलतात. नायरमध्ये सिलिंडर नातेवाइकाच्याच हातात होते, हे विसरू नका. म्हणजे आपण त्या पथकाचे बिनपगारी सभासद आहोत. मग आपल्यालाही थोडे शिकवायला हवे, आणि आपल्या हातातही झेंडी हवी. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली की "हे कशाचं? नाव काय लिहिलंय?" असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. रुग्णाचे नाव तिने विचारावे आणि आपण पूर्ण सांगावे. "पाटील" एवढेच नको.

जे.जे. रुग्णालयात १९८६ साली दूषित ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. आज औषधाचा विपरीत परिणाम कळवण्याची देशव्यापी सोय आहे. २०१० पासून ती चालू आहे आणि परळच्या के.ई.एम.सारख्या महाविद्यालयांत तिची केंद्रे आहेत. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा निःशुल्क दूरध्वनी. तिथे डॉक्टरच नव्हे, तर परिचारिका, औषधविक्रेता आणि खुद्द रुग्णही कळवू शकतो. औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि काय झाले, एवढे टिपून ठेवा. त्यासाठी वेष्टन फेकू नका.

परळला जाणाऱ्यांपैकी अनेकांना एमआरआय सांगितला जातो, म्हणून शेवटी तेवढे लिहून ठेवतो. आत जाण्याआधी खिशातली नाणी, किल्ल्या, मोबाईल, केसांतल्या पिना, साडीची पिन, कमरेचा पट्टा बाहेर काढून ठेवा. हृदयाला पेसमेकर असेल, कुठे सळी किंवा क्लिप बसवली असेल, तर तंत्रज्ञाला आधी सांगा. आणि रुग्णासोबत सिलिंडर असेल, तर तंत्रज्ञ स्वतः बाहेर येऊन पाहीपर्यंत ट्रॉली दाराबाहेरच उभी करा, ढकलणारा कितीही घाईत असला तरी.